‘मी मरणार नाही’ असं कार्ड आलं आणि दादा गेला

पत्र थोडक्यात: कोपरखैरण्याच्या एका ३४ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. मागच्या ३१ डिसेंबरला चर्चमधल्या रात्रीच्या उपासनेत दरवर्षीसारखी वचनाची, म्हणजे बायबलमधली एकेक ओळ छापलेली, कार्डं वाटली, तिच्या दादाने टोपलीतून उचललेल्या कार्डावर स्तोत्र ११८:१७ होतं, ‘मी मरणार नाही, तर जगेन’. दादाला तेव्हा आतड्याचा कॅन्सर होता, केमो चालू होती. सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. तिचे वडील, अण्णा, यांनी ते कार्ड आपल्या बायबलमध्ये ठेवलं आणि रोज त्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मार्चमधलं एक स्कॅन ‘वचन मिळालंय, आता कशाला घाई’ म्हणून तीन आठवडे पुढे गेलं. सप्टेंबरमध्ये दादा गेला, ४१ व्या वर्षी. अण्णा म्हणतात वचन खोटं नसतं, आपलाच विश्वास कमी पडला. ती संडे स्कूलमध्ये शिकवते, डिसेंबरचा धडा आहे ‘देव आपली वचनं पाळतो’, आणि वर्गात पहिल्या बाकावर दादाचा ९ वर्षांचा मुलगा बसतो. त्याने विचारलं, “आत्या, मग देवाने पप्पांचं प्रॉमिस का तोडलं?” ती विचारते, हे मी कसं शिकवू, यंदा ३१ ला जाऊ की नको, अण्णांना काय सांगू, आणि मावशी, खरं सांगा, देव वचन पाळतो की आपणच आपल्या मनाची समजूत घालतो?

बाळा, मला मावशी म्हणालीस म्हणून मीही तुला तूच म्हणते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा ट्रान्सहार्बरच्या गाडीत वाचलं, कोपरखैरणे स्टेशन आलं तेव्हा वाटलं उतरावं आणि तुझं घर शोधावं, पण पत्ता तू दिला नव्हतास, आणि बरंच झालं, कारण दारात येऊन मी काय बोलले असते मला माहीत नाही. लिहायला आठ दिवस लागले. इकडे ठाण्यात जांभळी नाक्याला नाताळचे स्टार लागलेत आणि या दिवसांत ज्या घरातलं माणूस गेलेलं असतं त्या घरात स्टार लावायचा की नाही यावरूनही रडू येतं, ते मला ठाऊक आहे.

आधी ते वाक्य बाजूला काढते जे तुमच्या घरात सगळ्यात जास्त नुकसान करतंय, ‘आपला विश्वास कमी पडला’. माझी धाकटी बहीण तीन वर्षांची मुलगी मागे ठेवून गेली तेव्हा दफनभूमीतून बाहेर पडता पडता एका बाईंनी मला हेच ऐकवलं होतं. चांगल्या मनाने बोलल्या असतील. पण मी सात महिने चर्चची पायरी चढले नाही. त्या सात महिन्यांत आमचे म्हातारे पाळक दर बुधवारी यायचे, केळी घेऊन, चहा प्यायचे, उपदेश शून्य. एकदाच बायबल उघडलं, स्तोत्र ८८ वाचलं आणि मिटलं. ते स्तोत्र तू आज रात्री वाच. बाकीच्या बहुतेक रडक्या स्तोत्रांत शेवटी शेवटी तरी सूर बदलतो, ह्याच्यात नाही, हे अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. पाळक म्हणाले, “हे लिहिणारा पण विश्वासणाराच होता,” आणि चप्पल घालून गेले.

आता अण्णांच्या म्हणण्याकडे नीट बघू. त्यांच्या डोक्यातला हिशोब असा असणार की देवाने वचन दिलं, आपण विश्वासाने क्लेम करायचं, क्लेम बरोबर भरला तर मिळतं. हल्ली सभांमधून हा शब्द फार ऐकू येतो, वचन क्लेम करा, मला तो अजिबात आवडत नाही. क्लेम हा इन्शुरन्सचा शब्द आहे आणि क्लेम रिजेक्ट झाला की माणूस आपल्याच कागदात चूक शोधत बसतो, कुठला फॉर्म राहिला, कुठे सही चुकली. अण्णा गेले तीन महिने तेच करतायत. मुलगा गमावलेला बाप रात्री जागून स्वतःच्या विश्वासात खोट शोधतोय. आणि देव खोटा ठरू नये म्हणून ते स्वतःला खोटं ठरवतायत, ही त्यांची देवावरची मायाच आहे गं, फक्त चुकीच्या जागी खर्च होतेय.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात काय घडतं ते आठव. देवाने अब्राहामाला संतती आणि देश द्यायचं वचन दिलंय, तो विचारतो, हा देश मला मिळेल कशावरून? देव त्याला तीन-तीन वर्षांची कालवड, शेळी, मेंढा आणायला सांगतो, त्यांचे दोन भाग करून समोरासमोर मांडायचे. तेव्हाची करार करायची रीतच ती होती, करार करणाऱ्याने त्या तुकड्यांमधून चालायचं, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं असं होवो. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायातही ही रीत दिसते. आपल्याकडे वाशीला किंवा ठाण्याला घराचं रजिस्ट्रेशन करताना दोन्ही पार्ट्यांचे अंगठे लागतात ना, एकाचा नसला तर कागद पुढे सरकत नाही. पण इथे अब्राहाम गाढ झोपेत आहे. त्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी आणि जळती मशाल जाते, एकटा देव जातो. अब्राहामाचा अंगठा घेतलाच नाही! वचन ज्याने दिलं त्याच्याच जिवावर ते उभं आहे, झोपलेल्या माणसाच्या विश्वासाच्या वजनावर नाही. आणि हा अब्राहाम पुढच्याच अध्यायात धीर सोडतो, हागारेपासून इश्माएल होतो, नंतर देवाचं बोलणं ऐकून तो हसतो आणि साराही हसते. वचन मिळालं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा १००. पंचवीस वर्षांत त्यांचा विश्वास कितीदा कमी पडला असेल, इसहाक तरी आला. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. त्यामुळे अण्णांच्या विश्वासाला एक दिवस ताप आला असेल म्हणून देवाने दादाला नेलं, हे मी मानत नाही, तूही मानू नकोस.

पण मग कार्डाचं काय, असं तू म्हणशील, आणि खरा प्रश्न तोच आहे. वचन अण्णांच्या विश्वासावर अवलंबून नव्हतं तर ते पुरं का झालं नाही?

मी कार्डांच्या विरोधात नाही हे आधी सांगते. टोपलीत हात घालताना छातीत जे धडधडतं ते मला अजून आवडतं. पण एवढ्याशा कार्डावर बसावं म्हणून वचन कापून घेतलं की त्याच्या मागचंपुढचं सगळं मागे राहतं. यिर्मया २९:११ बघ, मगवर असतं, मोबाईलच्या कव्हरवर असतं, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत वगैरे. ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या यहुदी लोकांना यरुशलेमहून पाठवलेलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक जण मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येणार, आणि बाबेलची गुलामी दाखवायला यिर्मयाने मानेवर घातलेलं जू काढून मोडून टाकतो. लोकांना किती बरं वाटलं असेल. यिर्मया त्याला काय म्हणतो माहितीये? आमेन, देव तसंच करो. त्यालाही तेच हवं होतं! पण देवाने त्याच्याकडे जो निरोप दिला तो वेगळा होता, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, सत्तर वर्षं लागतील. ऐकणाऱ्यांपैकी जे तेव्हा चाळिशीचे होते त्यातले जवळजवळ सगळे बाबेललाच मरणार होते आणि हिताचे संकल्प त्यांनाही उद्देशून होते. मराठी बायबलमध्ये ‘तुमच्याविषयी’ आहे ते बरोबर आहे, मूळ हिब्रूतही अनेकवचनच आहे. एकट्यादुकट्याला दिलेलं ते वचन नव्हतं, पिढ्यांना धरून होतं. आणि ते पाळलं गेलं, इ.स.पू. ५३८ च्या सुमाराला कोरेश राजाने परत जायची परवानगी दिली, नातवंडं परतली.

तुमच्या मंडळीत कोणी हनन्या आहे असं मी म्हणत नाहीये. टाळ्या वाजवणाऱ्यांना दादा हवा होता, एवढंच. पण टोपलीतून कागद निघणं आणि देवाने दादाला अमुक वर्षं आयुष्य देईन असं सांगणं या दोन गोष्टी एक नाहीत, आणि आपण त्या एक धरल्या. स्तोत्र ११८ कोणा संकटातून वाचलेल्याचं उपकारस्तुतीचं गाणं आहे. ते लिहिणाराही पुढे कधीतरी वारलाच ना. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाला तर देवाने यशया संदेष्ट्याकरवी स्पष्ट १५ वर्षं वाढवून दिली, पंधरा संपल्यावर तोही गेला. येशूने मेलेल्या लाजरला उठवलं, तो कबरेतून बाहेर आला, तोही पुन्हा मेला असेल. या शरीराला कधीच मरण येणार नाही असं वचन स्तोत्रकर्त्याला, हिज्कीयाला, लाजरला, कोणालाच नव्हतं. उलट प्रभू येशूने सरळ सांगून ठेवलंय की जगात तुम्हाला क्लेश होतील, तेही त्याचं वचनच, फक्त ते कोणी कार्डावर छापत नाही.

आणि हिज्कीयावरून स्कॅनचं. हे वाचताना तुझा जीव वरखाली होणार म्हणून हळू वाच. देवाने हिज्कीयाला पंधरा वर्षं कबूल केली, नंतर लगेच यशया काय सांगतो, अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर बांधा. वचन मिळालं तरी औषध लावलंच. म्हणून इतर वाचकांनाही हात जोडून सांगते, प्रार्थना चालू असताना गोळी, स्कॅन, केमो यातलं काहीही स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नका, वचनावर विश्वास आहे हे दाखवायला डॉक्टर टाळावा लागत नाही. पण तुझ्यासाठी, त्या तीन आठवड्यांनी फरक पडला की नाही हे मला कळत नाही, तुला कळत नाही, अण्णांनाही नाही, तरी तुम्ही दोघं रोज रात्री त्यावर निकाल देता. ज्या डॉक्टरांनी ट्रीटमेंट दिली त्यांची अपॉइंटमेंट घे, फाईल घेऊन जा आणि हा एकच प्रश्न विचार. अण्णांना नेऊ नकोस पहिल्यांदा. कदाचित डॉक्टर सांगतील काही फरक पडला नसता, कदाचित सांगतील थोडा पडला असता, दोन्हीपैकी काहीही ऐकलंस तरी अंदाजांच्या अंधारापेक्षा ते बरं. आणि फरक पडला असेल तर ती चूक प्रेमाने केलेली चूक आहे, तिला क्षमा आहे, खरोखरची क्षमा, तोंडदेखली नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, मनाची समजूत. तू हे विचारलंस त्याचं मला बरं वाटलं. कारण सोपी पळवाट आहे, पुरं झालं तर देव विश्वासू, नाही झालं तर ‘त्याची वेगळी योजना’, म्हणजे देव कधी चुकूच शकत नाही असा खेळ. पौलाला ही पळवाट मान्य नाही. करिंथकरांना पहिल्या पत्रात, १५ व्या अध्यायात तो लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ. सगळं एका घटनेवर लावून मोकळा झाला तो. माझाही विश्वास तिथेच टेकलेला आहे, माझ्या आयुष्यात काय मिळालं काय नाही याच्या यादीवर टेकला असता तर केव्हाच पडला असता.

आणि इथे तुझ्या कार्डाकडे परत यायचंय मला. वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटका झाली त्याची आठवण करायचा यहुदी सण, त्या रात्री स्तोत्र ११३ ते ११८ गायची त्यांची रीत आहे. मत्तय २६:३० मध्ये लिहिलंय की शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. म्हणजे बहुतेक हेच गायले. धरून न्यायला काही तास उरलेत आणि तो गातोय, ‘मी मरणार नाही, तर जगेन’. दुसऱ्या दिवशी तो मेला. टोपलीत नाही, त्याच्या तोंडात ते वचन होतं आणि तरी मेला. त्या शुक्रवारी संध्याकाळी कोणी म्हणालंच असतं, देवाने प्रॉमिस तोडलं, आणि शनिवारी दिवसभर ते खरंच वाटलं असतं. रविवारी तो उठला. वचन मरणाला वळसा घालून गेलं नाही, मरणातून गेलं. बाळा, तुम्ही सगळे आत्ता शनिवारात बसलेले आहात. रविवार आलाय असं नाटक करू नका, कोणी करायला लावलं तरी.

बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्रात, ११ व्या अध्यायात, विश्वासाच्या माणसांची मोठी रांग आहे आणि मधेच वाक्य येतं की ही सगळी माणसं विश्वासातच मेली, वचनाची फळं त्यांना मिळाली नव्हती, दुरून दिसली होती. आपल्या पंडिता रमाबाईंचं बघ. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा नवरा. नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. ज्या हाताने ही सगळी वचनं मराठीत उतरवली त्याच हातांनी त्यांना १९२१ मध्ये एकुलत्या एक मनोरमेला निरोप द्यावा लागला, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. त्यांचा विश्वास कमी पडला म्हणायची कोणाची हिंमत आहे?

अण्णांचं सांगते. कार्ड चुकीचं होतं हे त्यांना पटवायला जाऊ नकोस, बायबलमधून ते काढूही नकोस. शेजारी बस आणि म्हण, अण्णा, ते अख्खं स्तोत्र वाचूया का, मग ती वल्हांडणाच्या रात्रीची गोष्ट सांग. नाही ऐकलं तर सोड, दुसऱ्या दिवशी दादाच्या लहानपणाचं काहीतरी विचार. आणि ते ‘विश्वास कमी पडला’ म्हणतील तेव्हा वाद नको, एवढंच म्हण की अण्णा, तुम्ही रोज प्रार्थना करत होता ते मी पाहिलंय. देवावर रागवायची त्यांना मुभा दे, तुलाही घे. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ हे दाविदाने १३ व्या स्तोत्रात विचारलंय. ज्याच्या शब्दावर भरवसाच नाही त्याला कोणी जाब विचारायला जात नाही, शब्द दिला होतास ना असं आपण आपल्याच माणसाला विचारतो. फक्त एक लक्ष ठेव, अण्णांची किंवा वहिनीची झोप-जेवण आठवड्यांमागून आठवडे उडालेलं असेल, जगून काय करू असं तोंडातून येत असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टर किंवा काउन्सेलर हवाच, १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

३१ तारखेला जावंसं वाटत नसेल तर जाऊ नकोस, घरी मेणबत्ती लावून बस, देव हजेरी घेत नाही. जावंसं वाटलं तर पाळकांना आठवडाभर आधी भेट आणि सांग की टोपली आमच्या रांगेत आणू नका, किंवा आम्ही उचलणार नाही, कोणी आग्रह करू नये. चांगले पाळक असतील तर समजतील. आणि त्यांना एक सुचव, माझ्यातर्फे म्हटलंस तरी चालेल, कार्डाच्या मागच्या बाजूला अध्याय अख्खा वाचा एवढं तरी छापा, आणि आजारी माणसाच्या हातात आलेल्या कार्डावर टाळ्या वाजवू नका, त्याच्यासाठी नुसते गुडघे टेका.

संडे स्कूलला ईस्टरपर्यंत सुट्टी मागितलीस तरी कोणी तुला लहान समजणार नाही. पण मला वाटतं तू हा धडा घ्यावास, अब्राहामाचा घे, आणि पंचवीस वर्षं गाळू नकोस. मुलांना फळ्यावर ७५ आणि १०० लिहून मधली वजाबाकी करू दे, मग विचार, एवढे दिवस थांबताना त्याला कसं वाटलं असेल? पोरं काय काय सांगतात बघ.

भाच्याशी मात्र वर्गात नको, वेगळं बोल. खेळता खेळता, वाशीला खाडीकाठी सागर विहारला वगैरे नेऊन, शेजारी बसून. देवाला पप्पा जास्त आवडले म्हणून नेलं, हे कृपा करून सांगू नकोस, तो देवाला घाबरायला लागेल. पप्पा झोपलेत हेही नको, नाहीतर रात्री झोपायला भिईल. खरं सांग. सांग की त्या कार्डाचा अर्थ आम्हा मोठ्या माणसांनी चुकीचा लावला, देवाने पप्पा आत्ता मरणार नाहीत असं प्रॉमिस केलं नव्हतं. त्याने प्रॉमिस केलंय की पप्पांना तो सोडणार नाही आणि एक दिवस उठवणार आहे, जसं येशूला उठवलं. आणि ते अजून व्हायचंय, म्हणून आपण थांबलोय, आणि थांबताना रडू येतं, येशूही लाजरच्या कबरेपाशी रडला होता, दोन मिनिटांनी त्याला उठवणार हे माहीत असूनसुद्धा. तो विचारेल, कधी उठवणार? म्हण, मला माहीत नाही रे. तो पुन्हा विचारेल, नक्की? तेव्हा तुझ्या मनात जे असेल तेच सांग, जास्तीचं काही नको. ‘आत्याला कधी कधी नक्की वाटतं, कधी कधी नाही वाटत, तेव्हा आत्या पण देवाला विचारते’ एवढं म्हणालीस तरी त्याला पुरेल, आणि त्याला विचारायचं असेल तर दोघं मिळून विचारा, मोठ्याने, तिथेच खाडीकडे तोंड करून.

जमलं तर जानेवारीत मला लिही. पत्ता टाक या वेळी, मी उतरेन.